टोमॅटोचं काळं बूड



आज थोडं भांडायला बसले आहे. भांडण तुमच्याशी आहे आणि त्याहून जास्त माझ्याशी आहे, तेव्हा रागावू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.

गेली नऊ वर्षं मी आमच्या सांगलीच्या घराच्या गच्चीवर भाजी लावते. असाच नाद असलेल्या आम्हा बायकांचा मोबाइलवर एक गट आहे. सकाळी देवदर्शन, चहा आटोपला की फोटो यायला लागतात. टोपलीभर भेंडी, हातभर लांब दोडका, लालभडक टोमॅटो. खाली "वा वा", "मस्त", हात जोडलेले, फुलं.

गेल्या महिन्यात एकीने वाळून कोळ झालेल्या कढीपत्त्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, "यांची बायपास झाली, पंधरा दिवस दवाखान्यातच होते. घरी आले तर झाडाची ही अवस्था. चार वर्षांचं झाड होतं. आता काही करता येईल का?" अर्ध्या तासात उत्तर आलं, "इथे फक्त बागेविषयी बोलावे. घरच्या गोष्टी नकोत. सकाळी सकाळी नकारात्मक नको." त्या उत्तराला अकरा अंगठे. संध्याकाळपर्यंत तिने तो फोटो काढून टाकला.

त्या अकरांत माझा अंगठा नव्हता, पण मी गप्प बसले होते. आणि आता मला वाटतं, की त्या महिन्यातला सगळ्यात कामाचा फोटो तोच होता.

आधी हिशेबाचं बोलते, कारण मी बी.कॉम. झालेली बाई आहे आणि मला तीच भाषा लवकर सुचते. कॉलेजात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, की विक्रीचा आकडा लिहिला की त्यातून परत आलेला माल वजा करायचा. जे पैसे वसूल होणार नाहीत त्यांची बुडीत कर्ज म्हणून तरतूद करायची. नफा हातात पडल्याशिवाय धरायचा नाही आणि तोटा समोर दिसला की लगेच मांडायचा. आपल्या समाजात निम्म्या घरांत दुकान नाहीतर पेढी आहे, तुम्हाला हे सांगायला नको. जो दुकानदार फक्त विक्रीच्या पावत्या दाखवतो आणि परत आलेला माल मागच्या खोलीत लपवतो, त्याच्याशी आपले सासरे व्यवहार करायचे का? मग आपल्या बागांचा हिशेब आपण असा का मांडतो?

माझी वही उघडते. गेल्या वर्षी माझ्याकडे २६ कुंड्या होत्या. रोपं, बियाणं, शेणखत, कोकोपीट मिळून ३,४०० रुपये गेले. मिळालेली भाजी बाजारभावाने धरली तर १,९०० ची. नऊ कुंड्यांतून काहीच मिळालं नाही. एका कुंडीतली कोथिंबीर पारव्याने अंडी घातली म्हणून सोडून दिली. अंडी फुटायला अठरा दिवस, पुढे पिल्लं उडायला तेवढे आणि वर काही. तिथे पाणी घालायचं कसं, आणि त्यांना उठवायचं तरी कसं? कोथिंबीर वाळली, पिल्लं उडाली, मी कुंडी धुऊन ठेवली. तोट्यात मांडावं असं नुकसान आहे, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. ही गोष्ट मी एकदा सहज सांगितली तेव्हा सात जणी आपापली पारव्यांची गोष्ट घेऊन आल्या. टोपलीच्या फोटोखाली कधी अशा गप्पा झालेल्या मला आठवत नाहीत.

आता "घरच्या गोष्टी नकोत" याविषयी. बागेतलं झाड घराबाहेर असतं का? माझी कोथिंबीर, मेथी, टोमॅटो ज्या ज्या वेळी गेले त्याची कारणं वहीत लिहिलेली आहेत. नणंदेचं ऑपरेशन. नातवाच्या बारशाला पुण्यात बारा दिवस. गच्चीच्या पत्र्याचं काम. गुडघे सुजले म्हणून तीन आठवडे जिना चढणं बंद. आपल्या वयाच्या बाईचा छंद हा उरलेल्या वेळेतला असतो. घरात काही झालं की पहिल्यांदा तोच वेळ जातो, आणि झाडाला ते दुसऱ्या दिवशी कळतं. त्या बाईने बायपासचं लिहिलं ते काही सहानुभूती मागायला नव्हे. पंधरा दिवस पाणी नव्हतं, झाड चार वर्षांचं आहे, एवढी माहिती तिने दोन ओळींत दिली होती. एखाद्या जाणत्या बाईने एवढंच विचारायला हवं होतं, "खोडाची साल नखाने जरा खरवडून बघ, आत हिरवं आहे का?" हिरवं असेल तर वरचं वाळलेलं छाटून, बेताचं पाणी देऊन वाट बघता येते. ते कुणी विचारलं नाही. घरची गोष्ट काढून टाका म्हणताना आपण झाड मरण्याचं कारणच काढून टाकलं.

आता माझी गोष्ट. ही लिहायला मला दीड वर्ष लागलं.

गेल्याच्या गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझे टोमॅटो धरले होते. धरले खरे, पण निम्म्या फळांची बुडं काळी. वरून लाल, खालून चामड्यासारखा काळा डाग. ती मी रोज गुपचूप वेचून खतात टाकत होते. एक दिवस चांगले सात निघाले. टोपली भरलेली दिसेना, म्हणून शनिवारच्या बाजारातून आणलेले तीन त्यात ठेवले, वर कोथिंबिरीची काडी खोचली आणि फोटो टाकला. बेचाळीस जणींनी वाहवा केली.

त्या रात्री आमच्या गल्लीतल्या एका तिशीतल्या सुनेचा मला वेगळा निरोप आला. "काकू, तुमचे किती सुंदर आहेत. माझे सगळे बुडाशी काळे पडतात. सासूबाई म्हणतात, अडचणीच्या दिवसांत हात लावलास, म्हणून झालं. माझ्याच हाताला गुण नाही."

मला कारण माहीत होतं. टोमॅटोचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही म्हणून, आणि कुंडीत ते बहुतेक वेळा पाणी अनियमित झाल्यामुळे होतं. एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी तुडुंब. कॅल्शियम मुळाकडून वर पाण्याबरोबरच जातं, पाणी थांबलं की तेही थांबतं. हा लागण होणारा रोग नाही. पाणी नियमित केलं, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, की पुढची फळं चांगली येऊ शकतात. आणि बाईने कोणत्या दिवशी हात लावला याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तुळशीचा नाही, टोमॅटोचा नाही, कशाचाच नाही.

एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण ते सांगायचं तर "माझेही निम्मे काळेच आहेत" हे सांगावं लागलं असतं, आणि सकाळचे बेचाळीस अंगठे अजून ताजे होते. मी लिहिलं, "होतं गं असं कधीकधी. प्रयत्न सोडू नकोस." आठ दिवसांनी ती कुंड्या भंगारवाल्याला देताना दिसली. सासूबाई दारात उभ्या होत्या, "बरं झालं, पसारा गेला."

मैत्रिणींनो, माझं भांडण आहे ते यासाठी. आपण नुकसान लपवतो तेव्हा नुसता फोटो छान दिसत नाही. ज्या घरात झाड मेल्यावर कारण न शोधता बाईला दोष देतात, त्या घरातल्या बाईला आपण एकटी पाडतो. तिला वाटतं, बाकी सगळ्यांचं लाल आहे, माझंच काळं, म्हणजे दोष माझ्यातच असणार. माझ्या खतातल्या काळ्या टोमॅटोंचा एक फोटो तिने सासूबाईंना दाखवला असता तर? माझं वय त्रेसष्ट, माझ्या त्या अडचणी संपून बारा वर्षं झाली. माझेही बुडाशी काळे आहेत म्हटल्यावर सासूबाईंना काय बोलता आलं असतं?

याच्या उलट एक आठवण सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा कुणी काही लपवलं होतं का? अंगणातल्या कुंड्या वाहून गेल्या, बागांवर गाळ बसला. पाणी उतरल्यावर आम्ही एकमेकींना चिखलातले फोटो दाखवत होतो, उरलेली बियाणी वाटून घेत होतो, गाळात काय उगवेल ते विचारत होतो. तेव्हा कुणी "नकारात्मक नको" म्हटलं नाही. का? तर दोष नदीचा होता, आपला नव्हता. म्हणजे नुकसान बघवत नाही हे काही खरं नाही. नुकसानाबरोबर दोष आपल्या अंगाला चिकटेल, याची भीती आहे.

आता तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. "अहो पण रडगाणी गाणाऱ्या बायकाही असतात. एकदा दार उघडलं की रोज तेच." खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण याचं उत्तर आपल्याकडे फार जुनं आहे.

मराठीत आज "आलोचना" म्हटलं की दुसऱ्यावर केलेली टीका. आपल्या शास्त्रात आलोचना म्हणजे आपला दोष आपण होऊन गुरूंपुढे सांगणं. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यात पहिलं नाव आलोचनेचं. आणि भगवती आराधनेत, म्हणजे शिवार्यांच्या ग्रंथात, ही आलोचना करताना माणूस कशी लबाडी करतो त्याचे दहा दोष सांगितले आहेत. ते मुनींसाठी आणि फार मोठ्या गोष्टींसाठी आहेत, माझ्या कुंड्यांसाठी नाहीत, हे मला कळतं. पण मन तेच असतं ना? मी ते वाचले आणि आमचा गटच डोळ्यांपुढे आला.

पहिला दोष आकंपित. गुरूंच्या मनात दया उत्पन्न करून प्रायश्चित्त कमी पदरात पाडून घ्यायचं. हे तुमचं रडगाणं. म्हणजे शास्त्रानेही ते ओळखलं होतं, पण म्हणून आलोचना बंद करा असं सांगितलं नाही, नीट करा असं सांगितलं. दुसरा एक दोष सूक्ष्म. मोठा दोष लपवून बारीकसा तेवढा सांगायचा, म्हणजे लोक म्हणतात काय प्रामाणिक आहे! भरगच्च वेलीचा फोटो आणि खाली "एक पान पिवळं पडलंय हो, फार काळजी वाटते" हे आपण रोज बघतो. छन्न म्हणजे आडून विचारायचं, अमक्याने असा दोष केला तर त्याला प्रायश्चित्त काय? "माझ्या शेजारणीच्या मिरचीला बोकड्या आलाय, तिला काय सांगू?" शेजारणीकडे कुंडीच नसते. बहुजन म्हणजे एकाचं उत्तर पटलं नाही की दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, मनासारखं मिळेपर्यंत विचारत राहायचं. ते तर मीच करते.

आणि शेवटचा तत्सेवी. ज्याच्यात तोच दोष आहे अशालाच जाऊन सांगायचं, म्हणजे तो सोडून देईल. हा दोष माझ्या सगळ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. आम्ही सगळ्या हौशी, सगळ्यांची झाडं मरतात, मग एकमेकींना सांगून काय होणार? यावर मी बरेच दिवस विचार केला, कारण हे आमच्या बाबतीत घडलेलं आहे. आम्ही तिघी वर्षभर एकमेकींना सांगत होतो, "माझंही लिंबू पिवळं पडतंय." "माझंही." "हवाच तशी आहे बाई." वर्षभर समाधानात होतो. शेवटी एकीच्या माहेरची शेतात राबणारी मावशी आली, तिने कुंडी कलती केली आणि विचारलं, "खालची भोकं कुठायत?" भोकं मातीने बुजली होती. तिघींचीही. पाणी साठून मुळं कुजत होती आणि आम्ही हवेला दोष देत होतो.

तेव्हा नुसतं "माझंही मेलं" पुरेसं नाही, हे मान्य. पण त्यावर इलाज गप्प बसणं हा नव्हे. इलाज म्हणजे मावशीसारखा प्रश्न विचारणं. कुणी नुकसान सांगितलं की आधी विचारा, पाणी किती, ऊन किती तास, भोकं मोकळी आहेत का, पानाच्या पाठीमागे काय दिसतं? सांत्वन त्यानंतर करा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्यातच बोलायला हवी. मावा. हिरव्या-काळ्या बारीक किडी शेंड्यावर चिकटतात आणि आपण श्राविका हतबल होतो. बागकाम म्हणजे गृहस्थाची आरंभी हिंसा, ती पूर्ण टळत नाही, हे आपण जाणतो. पण म्हणून काय वाटेल ते फवारायचं का? मला खात्रीने माहीत आहे, की आपल्यातल्या काहीजणी रात्री गुपचूप विषारी फवारा मारतात आणि सकाळी "निसर्गाची कृपा" म्हणून फोटो टाकतात. मी दोष देत नाही. पहिल्या वर्षी मीही मारलं होतं, आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, म्हणून मला हेही कळलं नाही, की माव्याच्या अंगातून गोड चिकट रस निघतो, त्यासाठी मुंग्या त्याला जपतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासायचे. मावा थोडा असतानाच फांदी हलक्या हाताने पाण्याच्या धारेने धुवायची. त्यातही जीव जातात, मला ते टोचतं. पण विषाने मावा खाणारे ढालकिडेही मरतात, आणि मग मावा दुप्पट येतो. हे ज्ञान मला टोपलीच्या फोटोतून मिळालं नाही. एकीने धीर करून लिहिलं, "मी विष मारलं आणि वाट लागली," त्यातून मिळालं. तिचे उपकार किती जिवांवर झाले असतील याचा हिशेब माझ्या वहीत बसत नाही.

माझी गोष्ट अर्धी राहिली. गेल्या दशलक्षणात तिसऱ्या दिवशी, आर्जवाच्या प्रवचनाला बसले होते. मन, वाणी आणि कृती एक ठेवणं म्हणजे आर्जव, असं पंडितजी सांगत होते, आणि मला सारखे ते बाजारचे तीन टोमॅटो दिसत होते. क्षमावाणीच्या दिवशी मी त्या सुनेच्या घरी गेले. दरवर्षी आपण सरसकट म्हणतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. यावेळी मी कळत काय केलं ते सांगितलं. तीन टोमॅटो बाजारचे होते, माझे निम्मे काळे होते, तुझं कारण मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. सासूबाई तिथेच बसल्या होत्या, त्यांच्यादेखत सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा टाकला. सून मात्र थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, तेव्हा सांगितलं असतंत तर." बस, एवढंच. तिने पुन्हा कुंड्या घेतल्या का? नाही, अजून नाही. मी दोन रिकाम्या नेऊन ठेवल्या आहेत, त्या तिच्या जिन्याखाली तशाच आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. टोपलीचा फोटो जरूर टाका, आनंद लपवायचं कारण नाही. पण महिन्यातून एकदा तरी मेलेल्या झाडाचाही टाका. सोबत चार ओळी लिहा: कधी लावलं, पाणी-ऊन किती, काय दिसलं, आणि त्या दिवसांत घरात काय चाललं होतं. कुणी असं लिहिलं तर अंगठा दाखवून गप्प बसवू नका, प्रश्न विचारा. आणि "हाताला गुण नाही" हे वाक्य कुणी उच्चारलं, मग ती सासू असो की ती स्वतः, तर तिथल्या तिथे खोडून काढा.

सुरुवात मी करते. आज सकाळचा हिशेब: दोडक्याची सहा फळं काढली, त्यातली चार फळमाशीने पोखरलेली. दुधीला गेले तीन आठवडे फुलंच फुलं, फळ एकही नाही. आधी नुसती नर फुलं येतात हे मला ठाऊक होतं, पण आता मादी फुलंही येऊन गळतायत. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा परागीकरण हाताने करायचं असतं, आणि त्याच वेळेला आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची घाई. तीन आठवडे मी पोळ्या लाटत होते आणि वर फुलं वाट बघून मिटत होती. आजपासून जेवण अर्धा तास आधी, आणि मग मी गच्चीवर.

तुमच्याकडे काय मेलं ते सांगा.

जय जिनेंद्र.